पाणी खरेच थंड करते?

माशांच्या टाकीचा पंप, नळी आणि जुना रेडिएटर जोडून संगणक ‘पाण्याने थंड’ करण्याच्या कृती विद्यार्थ्यांना आवडतात. पण त्यांचे शीर्षकच दिशाभूल करते. बंद नळीतले पाणी उष्णता फक्त वाहून नेते. मिनिटाला 1 लिटर प्रवाहाने 100 वॉट नेले, तर पाणी जेमतेम 1.4 अंशांनी तापते. ती उष्णता शेवटी खोलीतच जाते. भायखळ्यातल्या 33 अंशांच्या खोलीत प्रोसेसर त्याखाली उतरणार नाही. राणीच्या बागेत 2016 साली आलेल्या पेंग्विनांना म्हणूनच यांत्रिक शीतकरण लागते. बर्फ घालावा, तर पावसाळ्यात नळीवरचे दव सर्किटवर टपकेल! तांब्याच्या ठोकळ्याला ॲल्युमिनियमचा रेडिएटर ही तर महागडी काटकसर: ॲल्युमिनियम गंजते. विद्यार्थ्यांना आधी पंख्यावरची धूळ झाडून तापमान मोजायला सांगावे.