स्वयंचलित मागोव्याची मर्यादा
मूळ प्रोग्रामला हात न लावता सर्व्हरवरील जावास्क्रिप्टचा मागोवा घेता येतो, हा 'ओपनटेलिमेट्री'चा दावा बव्हंशी यथार्थ आहे. 'ओपनट्रेसिंग' व 'ओपनसेन्सस' यांच्या २०१९ मधील एकीकरणातून निर्माण झालेली ही यंत्रणा 'नोड'मध्ये इतर मॉड्यूलांच्या आधी दाखल होऊन त्यांच्या फंक्शनांना वेष्टन घालते. क्रम चुकल्यास नोंद निसटते. परंतु मुख्य उणीव निराळी आहे. येथे अन्वय हाती येतो, अर्थ नव्हे. डेटाबेसला उत्तर देण्यास किती मिलिसेकंद लागले हे कळते. त्या विलंबामुळे ग्राहकाची खरेदी अर्धवट राहिली काय, हे कळत नाही. तो अर्थ 'स्पॅन'ला, म्हणजे एका क्रियेच्या कालबद्ध नोंदीला, समर्पक नाव व गुणविशेष देऊन प्रोग्रामरनेच सांगावयाचा असतो. पृथक्करणाचे मोल अखेर त्या नामकरणावरच ठरते.