शालेय भौतिकशास्त्रातील मापनाची अनिश्चितता : प्रयोगवहीतील ‘त्रुटी’ची चिकित्सा

प्रस्तावना

उच्च माध्यमिक स्तरावर भौतिकशास्त्राच्या १०० गुणांपैकी ३० गुण प्रात्यक्षिकासाठी राखलेले आहेत. प्रयोगाला एवढे स्थान असूनही त्यातून निघालेली संख्या कितपत विश्वासार्ह आहे, हा प्रश्न प्रयोगवहीत क्वचितच विचारला जातो. राज्य मंडळाच्या इयत्ता अकरावीच्या भौतिकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातील (२०१९) पहिलेच प्रकरण एकके व मापन यांविषयी आहे. निरपेक्ष, सापेक्ष व शेकडा त्रुटी यांच्या व्याख्या आणि बेरीज, गुणाकार व घात यांत त्रुटी कशा एकत्र येतात याचे नियम तेथे दिलेले आहेत. विवेचन सुबोध आहे. तथापि ते उदाहरणे सोडविण्यापुरते राहते. प्रयोगशाळेच्या उंबरठ्याच्या आत ते येत नाही. प्रस्तुत लेखात या विसंगतीची चिकित्सा एका नेहमीच्या प्रयोगाच्या आधारे केली आहे.

साधा लंबक आणि कोल्हापूर

साध्या लंबकाच्या साहाय्याने गुरुत्व त्वरण काढण्याचा प्रयोग बहुतेक विद्यार्थ्यांच्या परिचयाचा असतो. वहीच्या शेवटी ‘प्रमाण किंमत’ म्हणून ९.८ किंवा ९.८१ मीटर प्रति सेकंद वर्ग ही संख्या लिहिली जाते आणि मिळालेल्या उत्तराचा तिच्याशी असलेला फरक ‘शेकडा त्रुटी’ म्हणून नोंदविला जातो. येथेच पहिला पेच आहे. इयत्ता दहावीच्या गुरुत्वाकर्षणाच्या पाठात हे मूल्य ध्रुवावर ९.८३२, तर विषुववृत्तावर ९.७८ असल्याचे विद्यार्थी शिकून आलेला असतो. कोल्हापूर सुमारे १६.७ अंश उत्तर अक्षांशावर, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून अधिक उंचीवर वसलेले आहे. अक्षांश व उंची यांचा हिशेब केला असता येथील गुरुत्व त्वरण ९.७८ च्या आसपास येते. म्हणजे कोल्हापूरच्या प्रयोगशाळेत प्रामाणिकपणे ९.७८ मिळविणाऱ्या विद्यार्थ्याच्या माथी ०.३ टक्के ‘त्रुटी’ मारली जाते आणि ९.८१ लिहिणारा निर्दोष ठरतो!

मात्र हा फरक या साधनांनी दिसू शकतो काय, हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न होय. समजा, लंबकाची लांबी १०० सेंटिमीटर असून ती मोजण्यात ०.१ सेंटिमीटर अनिश्चितता आहे. वीस दोलनांना ४०.२ सेकंद लागले. डिजिटल स्टॉपवॉच सेकंदाचा शंभरावा भाग दाखवीत असले, तरी ते सुरू व बंद करणाऱ्या हाताची अनिश्चितता ०.२ सेकंद धरणे वाजवी आहे. लांबीचा वाटा ०.१ टक्का होतो. दोलनकाळाचा वर्ग होत असल्याने वेळेचा वाटा दुप्पट, म्हणजे सुमारे १ टक्का होतो. गणकयंत्र उत्तर ९.७७१६ असे देईल. परंतु लिहिता येण्याजोगे उत्तर ९.८ ± ०.१ एवढेच आहे. या मर्यादेत ९.७८ बसते आणि ९.८१ ही बसते. दोहोंपैकी खरे कोणते, हे या प्रयोगाला सांगताच येत नाही. वहीतील दशांश चिन्हापुढचे तीन अंक ही गणकयंत्राची देणगी आहे, लंबकाची नव्हे.

शंभर दोलने मोजल्यास वेळेचा वाटा ०.२ टक्क्यांपर्यंत उतरतो व तो फरक जेमतेम दृष्टिपथात येतो. पण मग दुसरीच बाब पुढे येते. लंबक १० अंशांच्या कोनातून सोडला, तर दोलनकाळ सुमारे ०.२ टक्के वाढतो आणि काढलेले त्वरण जवळजवळ ०.४ टक्के कमी भरते. शोधावयाच्या फरकाहून हा दोष मोठा आहे आणि कितीही वाचनांची सरासरी काढली तरी तो जात नाही. ‘कोन लहान ठेवावा’ ही सूचना वहीत असते. ती का, हे अनिश्चिततेचा हिशेब केल्यावाचून कळत नाही.

पाठ्यपुस्तकातील सरासरी निरपेक्ष त्रुटीचे सूत्रही जपून वापरावयास हवे. तिन्ही वाचने ४०.२ आली तर या सूत्रानुसार त्रुटी शून्य! वाचनांतील विखुरलेपणा मोजणारे सूत्र साधनाची आणि हाताची मर्यादा मोजत नाही. तीनच वाचनांच्या आधारे त्यावर विसंबणे धाडसाचे आहे.

शब्दाचा प्रश्न

या साऱ्याच्या मुळाशी शब्दाचाही वाटा आहे. मराठीत ‘चूक’ आणि ‘त्रुटी’ हे दोन्ही शब्द दोषवाचक आहेत. चूक कबूल करावी लागते, त्रुटी भरून काढावी लागते. असा शब्द पदरी पडलेला विद्यार्थी ती संख्या लहान दाखविण्याची धडपड करणार, हे स्वाभाविक होय. आधी उत्तर आणि मग त्याला साजेशी वाचने, ही सर्वपरिचित रीत त्यातूनच बळावते. मापनातील अनिश्चितता व्यक्त करण्याविषयीच्या १९९३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने त्रुटी व अनिश्चितता या दोन संकल्पना स्पष्टपणे वेगळ्या केल्या. त्रुटी म्हणजे खऱ्या मूल्यापासूनचे अंतर. खरे मूल्य ठाऊक नसल्याने ती नेमकी कळतच नाही. अनिश्चितता मात्र उपलब्ध माहितीवरून अंदाजता येते, आणि ती सांगण्यासाठी पुस्तकातील उत्तराची गरज पडत नाही.

कोल्हापुरात तर हा विचार परका नाही. उद्यमनगरातील वा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील कारागीर ज्या नकाशावरून सुटा भाग कातून काढतो, त्यावर मापापुढे ± चिन्ह असते. तेथे ते मान्य विचलनाची मर्यादा सांगते, मापनाची अनिश्चितता नव्हे; परंतु एकच एक नेमकी संख्या प्रत्यक्षात हाती येत नाही, ही जाण त्यात आहे. त्याच कारागिराच्या मुलाच्या प्रयोगवहीत ते चिन्ह आढळत नाही.

मूल्यमापनाची कसोटी येथेच लागते. एका विद्यार्थ्याने दहाच दोलने मोजून, वाचने जशीच्या तशी ठेवून, ९.६ ± ०.२ असे उत्तर लिहिले आणि दुसऱ्याने कोणतीही मर्यादा न सांगता ९.८० लिहिले, तर पहिल्याचे विधान कोल्हापूरच्या मूल्याला सामावून घेते आणि तपासून पाहता येते. दुसऱ्याच्या उत्तरात तपासण्याजोगे काहीच नाही. ‘शेकडा त्रुटी’ पाहून गुण देण्याच्या पद्धतीत अधिक गुण मात्र दुसऱ्याच्याच पदरात पडतात.