थंडीने पेशी वाकतात काय?

२९ डिसेंबर २०१८ रोजी नागपूरचे किमान तापमान ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते. अशा दिवसांत सकाळच्या प्रार्थनेला सारेच कुडकुडतात. पण एखाद्या मुलाचे हातपाय असह्य ठणकू लागतात. विदर्भात अशा वेळी सिकलसेलची शंका घ्यायलाच हवी. नागपूरच्या शुक्ला व सोलंकी यांचा मध्य भारतातील सिकलसेलविषयीचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये १९५८ सालीच आला होता.

या आजाराविषयी एक वाक्य नेहमी ऐकू येते: ‘थंडीमुळे तांबड्या पेशी विळ्यासारख्या होतात.’ आम्हीही ते व्याख्यानांत वापरले आहे. सल्ला म्हणून ते उपयोगी आहे. स्पष्टीकरण म्हणून चुकीचे आहे.

मूळ दोष एवढाच, की हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन असते. अशा हिमोग्लोबिनने ऑक्सिजन सोडला, की त्याचे रेणू एकमेकांना चिकटून लांब तंतू बनतात आणि पेशी वाकते. गंमत अशी, की परीक्षानळीत असे घट्ट झालेले हिमोग्लोबिन बर्फाइतके थंड केले, तर ते पुन्हा पातळ होते! माकियो मुरायामा यांनी १९५० च्या दशकातच हे दाखवले होते. म्हणजे नुसती थंडी तंतू जोडत नाही, उलट सोडवते.

मग दुखते का? तंतू बनायला थोडा अवधी लागतो. तेवढ्यात बहुतेक पेशी केशवाहिन्यांतून निसटतात आणि फुप्फुसांत जाऊन पुन्हा ऑक्सिजन घेतात. थंडीत मात्र उष्णता राखण्यासाठी त्वचेकडील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. रक्त रेंगाळते, पेशी वाटेतच वाकतात आणि वाट अडते.

हा निव्वळ शब्दांचा कीस नव्हे. ‘थंडी वाईट’ एवढेच शिकलेले शिक्षक जानेवारीत स्वेटरची काळजी घेतील, पण एप्रिलच्या उन्हात त्याच मुलाला तहानलेले धावू देतील. शरीरातील पाणी घटले, की पेशीतील हिमोग्लोबिन दाट होते व तंतू लवकर जुळतात. कारण समजले, तर ऊब आणि पाणी दोन्ही आठवतात.

थंडी न सोसणे हे थायरॉइडचे स्राव कमी पडल्याचे किंवा साध्या पांडुरोगाचेही लक्षण असू शकते. निदान रक्ततपासणीनेच होते. सिकलसेलसाठी आधी विद्राव्यता चाचणी, मग इलेक्ट्रोफोरेसिस. तोवर प्रार्थनेच्या रांगेतून मागे सरणाऱ्या मुलाला कामचुकार म्हणू नये. त्याला उन्हात बसू द्यावे, पाणी द्यावे आणि पालकांशी बोलावे.