एसटी, आयओ आणि दोघांवर बसवलेला क्लास

मंडळी, सारोळ्यात उभं राहून 'एसटी' म्हटलं की महामार्गावरची लाल गाडीच डोळ्यांसमोर येणार, त्याला आमचा इलाज नाही. आज बोलायचंय ते हास्केलमधल्या एसटीबद्दल, म्हणजे 'स्टेट थ्रेड'बद्दल.

प्रश्न साधा आहे. लायब्ररीत अ‍ॅरे जागच्या जागी बदलणारं फंक्शन लिहायचंय, समजा सॉर्टिंग. ते एसटीत लिहिलं तर आत हवी तेवढी खोडाखोड करा, शेवटी 'रनएसटी' लावलं की बाहेर शुद्ध उत्तर मिळतं. आयओत लिहिलं तर फाइल, पडदा, नेटवर्क सगळं हाताशी. पण तिथून शुद्ध कोडकडे परतायची सरळ वाट नाही. लायब्ररी वापरणारे दोन्हीकडचे असतात. मग तेच सॉर्टिंग दोनदा लिहायचं का?

जॉन लाँचबरी आणि सायमन पेटन जोन्स यांच्या 1994च्या निबंधात याचं अर्धं उत्तर आहे. एसटीच्या टाइपमध्ये 'एस' नावाची एक खूण असते आणि आतला प्रत्येक अ‍ॅरे तीच खूण बाळगतो. रनएसटीची अट अशी की आतलं काम कोणत्याही 'एस'साठी चाललं पाहिजे, त्यामुळे अ‍ॅरे चोरून बाहेर नेता येत नाही. आणि आयओ? त्या निबंधात तो एसटीच आहे, फक्त खुणेच्या जागी 'रिअलवर्ल्ड'. जीएचसी कंपाइलरच्या पोटातही दोघांची घडण सारखीच आहे. इथल्या पुलावरून नीरेकडे पाहा: अलीकडे पुणे जिल्हा, पलीकडे सातारा, पाणी तेच.

तरीही लायब्ररीवाल्यांना एकच सही दोन्हीकडे चालवायला पुष्कळ खटपट करावी लागली. 'अ‍ॅरे' पॅकेजमधला 'एमअ‍ॅरे' क्लास घ्या. त्याला तीन पॅरामीटर: अ‍ॅरेचा प्रकार, घटकाचा प्रकार, मॉनॅड. कागदावर उदार वाटतो. पण घट्ट मांडणीच्या अ‍ॅरेसाठी प्रत्येक घटक-प्रकाराचं इन्स्टन्स वेगळं लिहिलेलं आहे, आणि खरी अडचण पुढेच येते. आत एसटी वापरणारं, बाहेरून शुद्ध आणि कोणत्याही घटकासाठी चालणारं फंक्शन लिहायला जा. 'प्रत्येक एससाठी हे इन्स्टन्स आहे' ही अट सहीत मांडावी लागते, आणि तो 'एस' तर रनएसटीच्या आत लपलेला! 2018 साली जीएचसी 8.6मध्ये 'क्वांटिफाइड कन्स्ट्रेंट्स' येईपर्यंत ही अट सरळ लिहायची सोयच नव्हती. ज्या कामासाठी एसटी जन्माला आला, नेमकं तेच काम या क्लासने अवघड केलं, असं आमचं स्पष्ट मत आहे. 'मॉनॅडआयओ'बद्दल फार बोलायला नको. त्यात एसटीला जागाच नाही.

'प्रिमिटिव्ह' पॅकेजमधला रोमान लेश्चिन्स्की यांचा 'प्रिममॉनॅड' मात्र आम्हाला पटतो. तो अ‍ॅरेचं नावच काढत नाही. तो मॉनॅडला एवढंच विचारतो: तुझी खूण कोणती, आणि त्या खुणेवरची कच्ची पायरी तू चालवशील का? एसटी म्हणतो 'एस', आयओ म्हणतो 'रिअलवर्ल्ड'. वर 'स्टेटटी', 'रीडरटी' चढवले तरी खूण आतल्या मॉनॅडचीच राहते. जे मुळात एकच होतं त्यालाच नाव दिलं, म्हणून हे अमूर्तीकरण टिकलं. डॅन डोएल यांच्या 'वेक्टर-अल्गोरिदम्स'मधलं सॉर्ट याच क्लासवर उभं आहे. आयओत थेट चालवा, नाहीतर 'वेक्टर'च्या 'मॉडिफाय'ला द्या. तिथे ते गरज असेल तेव्हा प्रतीवर चालतं आणि शुद्ध फंक्शन होऊन बाहेर येतं. सॉर्ट लिहिलंय एकदाच.

पण याची किंमत कोण मोजतं तेही बघा. असं सर्वसाधारण फंक्शन दुसऱ्या मॉड्यूलमध्ये असलं आणि कंपाइलरने त्याची खास आवृत्ती काढली नाही, तर आतल्या लूपमधली प्रत्येक पायरी क्लासच्या डिक्शनरीतून जाते. जिथे थेट मेमरीवर लिहिणं अपेक्षित होतं तिथे प्रत्येक वेळी अनोळखी फंक्शनला हाक. म्हणून ही पॅकेजेस 'इनलाइन' सूचनांनी भरलेली दिसतात. साध्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये प्रत्येक मदतनीस फंक्शनला प्रिममॉनॅड चिकटवण्याची हौस आम्हाला म्हणूनच आवडत नाही. तिथे सरळ एसटीत लिहावं. आयओत हवं असेल तर प्रमाण लायब्ररीतलं 'एसटीटूआयओ' आहेच, आणि ते फुकटात पडतं. क्लास ठेवायचा तो लायब्ररीच्या उंबरठ्यावर, जिथे खरंच कोण येणार माहीत नसतं.

आणखी एक खोच. 'एक्सेप्टटी' एसटीवर चढवला, मधेच चूक फेकली, तर अ‍ॅरेत तोवर केलेले बदल तसेच राहतात. सही वाचून व्यवहार मागे फिरेल असं कुणाला वाटलं, तर तसं होत नाही.

एसटीकडून आयओकडे वाट मोकळी आहे. उलटी वाट 'अनसेफआयओटूएसटी'. वेक्टर-अल्गोरिदम्सच्या सॉर्टमध्ये तुलना करणारं फंक्शन शुद्धच द्यावं लागतं. कुणाला वाटतं, तुलना होताना एक ओळ छापून पाहू. तेवढ्यासाठी एसटीत स्वतःचं सॉर्ट लिहून आत ही उलटी वाट घातली जाते. 2018च्या पीओपीएल परिषदेत तिमानी, स्टेफानेस्को, क्रोग-येस्पर्सन आणि बिर्केडाल यांनी सिद्ध केलं की रनएसटी असलेल्या भाषेत शुद्धतेचे समीकरण-नियम टिकतात. त्यांच्या त्या भाषेत ही उलटी वाट नाही. आपल्या कोडमध्ये ती आली की सिद्धता आपल्याला लागू राहत नाही. सही मात्र होती तशीच दिसते, आणि कंपाइलर त्या ओळीवर चकार शब्द काढत नाही.