केवलप्रयोगी अव्ययांचे प्राथमिक शाळांतील अध्यापन : एक परीक्षण
(यवतमाळ जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

शालेय मराठी व्याकरणात शब्दांच्या आठ जातींपैकी केवलप्रयोगी अव्यय ही शेवटची जात होय, आणि वर्गात तिच्या वाट्यास येणारा वेळही बहुधा उरलासुरलाच असतो. एक व्याख्या, प्रकारांची एक यादी आणि 'पुढील अव्ययांचा वाक्यात उपयोग करा' असा एक प्रश्न, एवढ्यावर हे प्रकरण आटोपते. हा भाग सोपा आहे, अशी शिक्षक व परीक्षक या दोघांचीही समजूत दिसते. ही समजूत कितपत खरी आहे याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यासाठी यवतमाळ जिल्हा मुद्दाम निवडला आहे. येथील प्राथमिक शाळेत येणारे मूल घरी वऱ्हाडी, गोरमाटी, गोंडी किंवा कोलामी बोलणारे असू शकते. त्यामुळे पुस्तकातले उद्गार आणि मुलाच्या तोंडचे उद्गार यांतील अंतर येथे विशेष स्पष्टपणे दिसते.

१. या जातीचे मूळ

उद्गारवाचक शब्दांची स्वतंत्र जात मानण्याची पद्धत आपल्याकडील जुन्या व्याकरणाची नव्हे. यास्काने नाम, आख्यात, उपसर्ग व निपात असे पदांचे चारच वर्ग केले. पाणिनीने मात्र एका स्वराच्या निपातांचा (एक अपवाद सोडून) पुढील स्वराशी संधी होत नाही, असे सांगितले. असा उद्गार वाक्यातील इतर पदांत मिसळत नाही, ही गोष्ट त्याच्या कानाने टिपली होती, असे म्हणावयास हरकत नाही. ग्रीक व्याकरणपरंपरेतील आठ जातींतही उद्गारवाचक नव्हते. लॅटिनला ग्रीकसारखे उपपद नसल्यामुळे रोमन वैयाकरणांना एक जागा रिकामी मिळाली व तेथे त्यांनी उद्गारवाचकाची स्थापना केली. हीच व्यवस्था पुढे इंग्रजी व्याकरणांत आली. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांच्या 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' (१८३६) या ग्रंथाने घातलेल्या पायावर जे शालेय व्याकरण उभे राहिले, त्यात ती आपल्याकडे स्थिरावली. मोरो केशव दामले यांच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'नंतरही (१९११) शाळांतील मांडणी मुख्यतः तीच राहिली. आठ हा आकडा भाषेच्या स्वभावातून निघालेला नाही, एवढेच येथे लक्षात ठेवावयाचे.

२. व्याख्या आणि प्रश्न यांतील विसंगती

आपल्या मनातील भावना व्यक्त करणारा, वाक्याशी व्याकरणदृष्ट्या संबंध नसलेला शब्द तो केवलप्रयोगी, अशी व्याख्या मुलांस सांगितली जाते. 'केवल' या विशेषणाचा अर्थही हाच. आणि लगेच पुढच्या ओळीत 'वाक्यात उपयोग करा' असा आदेश येतो! जो शब्द वाक्याबाहेर आहे असे आत्ताच शिकविले, त्याचा वाक्यात उपयोग कसा करावयाचा, हा प्रश्न एखाद्या चौकस मुलाने विचारल्यास त्यास पुस्तकात उत्तर नाही. परिणामी मुले एक युक्ती शिकतात. अव्यय आरंभी लिहावे, उद्गारचिन्ह द्यावे आणि पुढे कोणतेही वाक्य जोडावे. 'अरेरे! माझे नाव गणेश आहे' हे उत्तर व्याकरणाच्या कोणत्याही नियमाने चूक ठरविता येत नाही. तरी ते चूक आहे हे सर्वांस कळते. याचा अर्थ असा की, येथे कसोटी वाक्यरचनेची नसून प्रसंगाची आहे. आणि प्रसंग तर प्रश्नात दिलेलाच नसतो.

दुसऱ्या बाजूने पाहिले तर 'वाक्याशी संबंध नाही' हे विधानही सरसकट खरे नाही. संबोधनदर्शक अव्यये घ्या. 'अरे, बस', 'अगं, बस', 'अहो, बसा' ही तिन्ही वाक्ये बरोबर आहेत. 'अरे, बसा' हे एका माणसास उद्देशून म्हटल्यास कानास खटकते. संबोधनाचा क्रियापदाच्या वचनाशी आणि आदरार्थाशी मेळ असावा लागतो. शिवाय हा शब्द ऐकणाऱ्याच्या लिंगानुसार बदलतो, मग त्यास अव्यय तरी कोणत्या अर्थाने म्हणावयाचे? परंतु घरात एकटी असलेली बाईदेखील 'अरे! दूध उतू गेले' असे म्हणते. तेथे 'अरे' कोणासही उद्देशून नाही, म्हणून त्यास लिंगही नाही आणि आदरही नाही. एकाच शब्दाची ही दोन कामे आहेत. हा भेद पाच-सहा वर्षांच्या मुलास प्रयोगाने पक्का ठाऊक असतो. व्याकरणाच्या तासाला मात्र त्याचा उल्लेखही होत नाही.

३. प्रकारांची यादी

हर्षदर्शक, शोकदर्शक, आश्चर्यदर्शक, प्रशंसादर्शक, संमतिदर्शक, विरोधदर्शक, तिरस्कारदर्शक, संबोधनदर्शक व मौनदर्शक ही वर्गवारी मो. रा. वाळंबे यांच्या 'सुगम मराठी व्याकरण लेखन'सारख्या पुस्तकांतून पिढ्यानुपिढ्या परिचित आहे. ती पाठ करण्यास सोयीची आहे, यात शंका नाही. परंतु 'अहाहा' व 'ओहो' हे शब्द हर्षाखालीही आढळतात आणि आश्चर्याखालीही. 'इश्श' हा लज्जेचा उद्गार प्रचलित याद्यांत तिरस्कारदर्शकांत बसविलेला दिसतो. 'बापरे' भीतीचा, कौतुकाचा की नवलाचा, हे स्वर ऐकल्यावाचून सांगता येत नाही. 'छान' आणि 'ठीक' हे तर एरवी विशेषणे किंवा क्रियाविशेषणे. 'चित्र छान काढलेस' आणि 'छान! चित्र काढलेस तर!' यांत शब्द तोच असून जात निराळी आहे. तात्पर्य, भावना शब्दात गोठलेली नसते. ती स्वरात, स्थानात आणि प्रसंगात असते. 'बापरे हे कोणते अव्यय आहे?' या एकाच शब्दावरील प्रश्नास म्हणूनच एक बरोबर उत्तर नाही, आणि तरीही त्यास गुण दिले वा कापले जातात.

४. यवतमाळचे मूल आणि पुस्तकाचे उद्गार

या याद्या कोणाच्या बोलीवरून तयार झाल्या, हा प्रश्न येथे अपरिहार्य होतो. 'इश्श' आणि 'अगबाई' हे पुणेरी पांढरपेशा घरांतील शब्द आहेत. दारव्हा किंवा राळेगाव तालुक्यातील शेतमजुराच्या मुलीने ते घरी क्वचितच ऐकलेले असतात. तिला नवल वाटले तर ती 'बाप्पा!' म्हणते, दुखले-खुपले तर 'माय वो!' म्हणते. वडीलधाऱ्यास 'जी', पुरुषास 'गा', बाईस 'वो' किंवा 'व', बरोबरीच्या मुलास 'बे' ही तिच्या कानावरची संबोधने होत. ही व्यवस्था प्रमाण मराठीतील अरे-अगं-अहो या व्यवस्थेइतकीच काटेकोर आहे. 'गा' आणि 'जी' ही संबोधने तेराव्या शतकातील 'लीळाचरित्रा'त ठायी ठायी आढळतात, हे ध्यानात घेतले असता त्यांस अशुद्ध म्हणणे किती अनाठायी आहे ते दिसून येते. वऱ्हाडीची नोंद ग्रियर्सनच्या भाषा-पाहणीच्या सातव्या खंडात १९०५ मध्येच झालेली आहे. इतक्या वर्षांनंतरही 'बाप्पा! केवढा साप!' हे वाक्य वहीत लाल शाईने खोडले जात असेल, तर तो दोष मुलाचा नव्हे.

केळापूर, झरी-जामणी, मारेगाव या तालुक्यांतील कोलाम मुलांची अडचण याहून मोठी आहे. कोलामी ही द्राविड कुळातील भाषा; मरे एमेनो यांनी तिचे वर्णन १९५५ मध्ये प्रसिद्ध केले. पुसद-दिग्रसकडील बंजारा मुलांची गोरमाटी आर्यकुळातील असली तरी ती मराठीहून निराळीच. या मुलांस 'अबब' हा शब्द परक्या भाषेतील कोणत्याही नामाइतकाच नवा असतो. नाम चित्राने दाखविता येते. 'अबब' चित्राने दाखविता येत नाही, तो प्रसंगातच ऐकावा लागतो. शक्यतोवर मुलाच्या मातृभाषेतून शिक्षण द्यावे, असे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे कलम २९ सांगते. त्याची कसोटी अशा लहान ठिकाणीच लागते.

५. मग शिकवावयाचे काय?

यावर असा आक्षेप येईल की, शाळेचे काम प्रमाणभाषा शिकविण्याचे आहे आणि घरची बोली मुलास येतेच. आक्षेपाचा पूर्वार्ध मान्य आहे. प्रमाण लेखनातील उद्गार मुलांस आलेच पाहिजेत. त्यावाचून त्यांस गोष्टींतील संवादही नीट वाचता येणार नाहीत. परंतु घरच्या शब्दाला नाव देऊन पुस्तकाच्या शब्दाकडे जाणे ही एक रीत, आणि घरचा शब्द खोडून पुस्तकाचा लिहविणे ही दुसरी. पहिल्या रीतीने मुलाजवळ दोन शब्द होतात व कोणता कोठे वापरावा हा विवेक येतो. दुसऱ्या रीतीने ते उत्तर देण्यापूर्वी गप्प राहावयास शिकते.

यास्तव प्रश्नाचे स्वरूप बदलावे. शब्द देऊन वाक्य मागण्याऐवजी प्रसंग द्यावा : पोळ्याच्या दिवशी सजविलेली बैलजोडी दारात आली, वेचलेला कापूस अवकाळी पावसात भिजला, आजोबांना हाक मारावयाची आहे. 'अशा वेळी तुमच्या घरी काय म्हणतात?' हा पहिला प्रश्न, 'पुस्तकातील माणूस काय म्हणेल?' हा दुसरा, आणि 'पुढचे वाक्य काय असेल?' हा तिसरा. संबोधनांच्या बाबतीत ऐकणारा बदलून तेच वाक्य पुन्हा म्हणवून घ्यावे, म्हणजे क्रियापदाचा मेळ आपोआप ध्यानात येईल. उद्गारचिन्ह व स्वल्पविराम यांतील निवड मोठ्याने वाचून ठरवावी. मुद्रित मराठीत ही चिन्हे इंग्रजीच्या अनुकरणाने आली असल्यामुळे त्यांविषयी फार कर्मठ राहण्याचे कारण नाही. प्रकारांची नावे इयत्ता चौथीपर्यंत न सांगितल्यास काही बिघडत नाही.

यासाठी खर्च लागत नाही. लागते ते एवढेच की, शिक्षकाने आपल्या गावातील उद्गारांची यादी स्वतः करावी. अशी टिपणे तालुक्यातालुक्यांतून जमली, तर ती वर्गास जितकी उपयोगी पडतील तितकीच भाषेच्या अभ्यासकांसही. बैलांना हाकण्याचे व थांबविण्याचे शब्द, कुत्र्यास हाकलण्याचा 'हाड', झडत्यांच्या अखेरचा 'हर हर महादेव' यांना रूढ नऊ प्रकारांत कोठेच जागा नाही. त्यांची नोंद करण्याचे काम प्राथमिक शिक्षकाइतके सहज दुसऱ्या कोणास जमण्यासारखे नाही.