ग्रंथ आहे, चीज नाही

बदलीच्या गावी ज्यास आपले गाणे टिकवावयाचे असते, त्याचा गुरू दूर राहिलेला असतो. ध्वनिमुद्रणावरून नवी चीज कानी पडते. परंतु शब्दांचा आणि समेच्या जागेचा निश्चय व्हावा, तर छापील स्वरलिपीच हाती असावी लागते. अशा वेळी तो ग्रंथालयाची पायरी चढतो आणि बहुधा रिकाम्या हाताने परततो.

दोष संग्रहाच्या दारिद्र्याचा असतोच असे नाही. पं. भातखंडे यांच्या 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांनंतरही नव्या रचनांचे संग्रह निघत राहिले. लखनौस अध्यापन केलेल्या रातंजनकरांची 'अभिनव गीतमंजरी', अलाहाबादच्या रामाश्रय झा यांची पाच भागांची 'अभिनव गीतांजलि', देवासच्या कुमार गंधर्वांचा 'अनूपरागविलास' (१९६५) ही त्यांतली ठळक नावे. १९५४ च्या कायद्याने प्रकाशित ग्रंथाची प्रत कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास, तसेच मुंबई, मद्रास व दिल्ली येथील नेमलेल्या ग्रंथालयांस देणे प्रकाशकावर बंधनकारक झाले. म्हणजे ग्रंथाची सोय झाली; चिजेची मात्र झाली नाही.

कारण सूची ग्रंथाचे नाव सांगते आणि गायक रागाचे नाव विचारतो. 'लगनगंधार'ची बंदिश हवी असणाऱ्यास ती 'अनूपरागविलासा'त आहे हे आधीच ठाऊक नसेल, तर कपाटासमोर उभे राहूनही ती त्यास सापडणार नाही. नवे राग जुन्या यादीत नसतात. म्हणून ही अडचण आधुनिक रचनांनाच अधिक भोवते.

उपाय साधा आहे. प्रत्येक चिजेची स्वतंत्र नोंद करावी: राग, ताल, मुखडा, रचनाकार, पृष्ठ. स्वरलिपीची पद्धतही लिहावी. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ असते, पलुस्कर पद्धतीच्या खुणा निराळ्या. वाचकाचा वेळ वाचवावा, हा रंगनाथनांचा चौथा नियम येथे अक्षरशः लागू पडतो.

स्वरलिपी म्हणजे गाणे नव्हे, असा आक्षेप येईल. तो खरा आहे. मींड आणि स्वराचा लगाव कागदावर पुरता उतरत नाही. पण जी चीज कोणास सापडतच नाही, ती शिष्यांच्या एका पिढीबरोबर संपते.

हे काम केवळ ग्रंथपालाचे नव्हे, कारण त्यास राग ओळखता येईलच असे नाही. परप्रांतातील आपल्या मंडळांतून गाणारी माणसे आहेत आणि ग्रंथांची कपाटेही आहेत. एका सभासदाने एका संग्रहाची सूची केली, तरी पुढच्या बदलीवर येणाऱ्या अनोळखी गायकास ती गुरुबंधूच्या ठिकाणी होईल.