‘कामगंध’ : एका स्पष्टीकरणाची तपासणी

पुण्याहून सोलापूर रस्त्याने हडपसर, मांजरी मागे टाकून लोणी काळभोरला आले की उसाच्या फडांमधून वांगी, टोमॅटो, काकडी, दोडका यांचे तुकडे दिसू लागतात. त्यांत काठीला टांगलेले प्लॅस्टिकचे नरसाळे आणि त्याखाली लांबट पिशवी असा सापळा आता शाळेतल्या मुलांच्याही ओळखीचा झाला आहे. ‘हे काय?’ असे विचारले तर मुले चटकन सांगतात, ‘कामगंध सापळा’. तो काम कसा करतो? ‘त्यात मादीचा वास असतो. त्या वासाने नर येतो आणि अडकतो.’ शेतकऱ्यांसाठीची माहितीपत्रके, मुलांसाठीचे विज्ञानलेख आणि शिक्षकांची टाचणे यांतही थोड्याफार फरकाने हेच उत्तर आढळते.

हे उत्तर सोपे आहे, लक्षात राहते आणि एका टोकाला खरेही आहे. तरीही विज्ञान शिकवणाऱ्याने ते जसेच्या तसे स्वीकारू नये असे मला वाटते. ‘मादीचा’, ‘वास’ आणि ‘अडकतो’ हे त्यातले तीन शब्द एकेक करून तपासले, तर निसर्गातल्या गंधांचे रसायनशास्त्र नेमके कशाचा शोध घेते हे आपल्या हाती लागते. न तपासता पुढे गेलो, तर शेतात चुकीचे निर्णय होतात. म्हणून हा खटाटोप.

आधी शब्दाचे श्रेय शब्दाला देऊ. ‘फेरोमोन’ ही संज्ञा कार्लसन आणि ल्यूशर यांनी १९५९ मध्ये सुचवली. एका प्राण्याने शरीराबाहेर सोडलेले आणि त्याच जातीच्या दुसऱ्या प्राण्याच्या वागणुकीत वा वाढीत बदल घडवणारे द्रव्य, असा तिचा अर्थ. त्यातल्या मीलनाशी संबंधित द्रव्यांना ‘कामगंध’ हे नाव चपखल बसते. पण फेरोमोन एवढेच नसतात. मुंग्या वाट आखण्यासाठी द्रव्य सोडतात. मधमाशी डंख मारते तेव्हा आयसोअमाइल ॲसिटेट हा पिकलेल्या केळ्यासारखा वास असलेला पदार्थ बाहेर पडतो आणि पोळ्यातल्या इतर माश्या खवळतात. यात ‘काम’ कोठेच नाही. कामगंध म्हणजेच फेरोमोन असे वर्गात ठसले, तर हा सगळा प्रदेश मुलांच्या नजरेआड राहतो.

आता ‘मादीचा’ या शब्दाकडे वळू. काकडी, दोडका, कारले यांच्या मांडवात आणि कोकणात आंब्याच्या बागेत फळमाशीसाठी सापळे लावतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा प्रसिद्ध आहे. या सापळ्यांनाही सर्रास कामगंध सापळे म्हटले जाते. आंब्यावरील फळमाशीच्या सापळ्यात मेथिल युजेनॉल असते. हे द्रव्य फळमाशीच्या मादीचे नव्हे, वनस्पतींचे आहे. तुळशीच्या काही प्रकारांत आणि अनेक फुलांत ते सापडते. त्याचा शोध आपल्याच देशात लागला. बिहारमधील पुसा येथील संस्थेत काम करणाऱ्या एफ. एम. हॉउलेट या कीटकशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये नोंदवले की सिट्रोनेला तेलाकडे फळमाश्यांचे फक्त नर धाव घेतात. पुढे १९१५ मध्ये त्याने त्या तेलातल्या मेथिल युजेनॉलकडे बोट दाखवले.

नर या द्रव्याकडे मादी समजून येतात, असेही म्हणता येत नाही. ते येतात आणि ते चाटून खातात. आंब्यावरील फळमाशीचा नर खाल्लेल्या मेथिल युजेनॉलचे शरीरात रूपांतर करतो, ते शेवटच्या आतड्याजवळच्या ग्रंथीत साठवतो आणि सायंकाळी मीलनाच्या वेळी बाहेर सोडतो. त्या गंधाकडे आकर्षित होते ती मादी! म्हणजे येथे वनस्पतीचे द्रव्य नर घेतो आणि त्यापासून स्वतःचा कामगंध तयार करतो. ‘मादीच्या वासाने नर येतो’ हे स्पष्टीकरण या ठिकाणी जवळजवळ उलटे ठरते. काकडीवर्गीय पिकांतल्या माशीसाठी वापरतात ते क्यू-ल्युअर तर प्रयोगशाळेत बनवलेले द्रव्य आहे. त्याच्या जवळचे, रास्पबेरी कीटोन नावाचे द्रव्य काही ऑर्किडांच्या फुलांत असते.

दुसरा शब्द ‘वास’. हा शब्द उच्चारताना आपण नकळत आपले नाक मोजमापाला लावतो. या सवयीने एका थोर निरीक्षकालाही चकवले होते. झाँ आंरी फाब्र या फ्रेंच कीटकनिरीक्षकाने १९०० च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या लेखनात मोठ्या मोरपतंगाची हकिकत सांगितली आहे. कोषातून नुकतीच निघालेली मादी त्याने जाळीखाली ठेवली आणि त्याच रात्री चाळीसेक नर घरात शिरले. मादी हवाबंद डबीत ठेवली की कोणी येत नसे, फट राहिली की येत. एवढ्यावरून वासाचा संशय बळकट व्हायला हवा. पण आपल्या नाकाला त्या मादीचा काहीच वास येत नाही, हे फाब्रला अडत होते. म्हणून त्याने खोलीत डांबराच्या गोळ्यांतले नॅफ्थलीन ठेवून पाहिले. नंतर पतंगाच्या दुसऱ्या एका जातीवर प्रयोग करताना लव्हेंडरचे तेल, पेट्रोलियम आणि सडक्या अंड्यासारखा दर्प येणारी गंधकाची संयुगे बशांतून मांडली. खोली दर्पाने भरली, तरी नर सरळ मादीपाशी आले. तीव्र वासात मंद वास बुडायला हवा होता, तो बुडाला नाही. फाब्र बिनतारी लहरींसारख्या कंपनांच्या कल्पनेकडे झुकला.

फाब्रचे हे लेखन शिक्षकांनी मिळवून वाचावे असेच आहे. प्रयोग रचणे, तो फसला की तसे मोकळेपणाने लिहिणे, पुन्हा नवा रचणे, हे सारे त्यात आहे. दुसऱ्या जातीची मादी काचेखाली डोळ्यांसमोर असताना नर तिला सोडून, ती आधी बसली होती त्या डहाळीवर गर्दी करतात, हे त्याने पाहिले, आणि द्रव्य मागे राहते हे ओळखले. मात्र त्याच्या तर्कात एक गृहीतक न तपासलेले राहिले: पतंगाचे ‘नाक’ आपल्या नाकासारखेच असणार. लोणी स्टेशनजवळ इंधनाच्या साठवणुकीची मोठी आगारे आहेत. टँकरच्या रांगेतून जाताना पेट्रोलच्या वासापुढे आपल्याला दुसरे काही जाणवत नाही. नर पतंगाच्या पिसासारख्या स्पर्शिकांवर मात्र हजारो संवेदक केवळ मादीच्या द्रव्यासाठीच घडलेले असतात. त्यांना पेट्रोल जवळजवळ ‘दिसतच’ नाही. रेशमाच्या पतंगात तर अशा एका संवेदक पेशीला उद्दीपित करायला त्या द्रव्याचा एक रेणू पुरतो.

फाब्रने जेथे सोडले तेथून पुढचे काम रसायनशास्त्रज्ञांनी केले. जर्मनीत बुटेनांट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे पाच लाख रेशीमपतंग माद्यांच्या गंधग्रंथी गोळा केल्या. वीस वर्षांच्या खटपटीनंतर, १९५९ मध्ये, त्यांच्या हाती काही मिलिग्रॅम शुद्ध पदार्थ लागला. सोळा कार्बनांचा, दोन द्विबंध असलेला तो अल्कोहोल म्हणजे ‘बॉम्बिकॉल’. ही गोष्ट सांगताना बहुतेक लेख पाच लाख या आकड्यावर थांबतात. खरी मेख वेगळीच आहे. ग्रंथींच्या अर्कात असंख्य पदार्थ होते. त्यांतला कोणता हवा आहे हे कसे कळले? दर टप्प्यावर वेगळा केलेला प्रत्येक भाग नरासमोर धरला गेला आणि ज्याने नर पंख फडफडवू लागला तोच भाग पुढे नेला गेला. उपकरणे पदार्थ वेगळे करतात, त्यांची रचना सांगतात. त्यांतला निरोप कोणता, हे घेणाऱ्यालाच विचारावे लागते.

आजही पद्धत तीच आहे, फक्त जलद झाली आहे. वायू-वर्णलेखन यंत्रातून मिश्रणातले घटक एकामागून एक बाहेर पडतात. तेथे हवेच्या प्रवाहात नराची स्पर्शिका जोडली, तर ज्या घटकाला ती विद्युत प्रतिसाद देते तो लगेच कळतो. खाद्यपदार्थांच्या गंधासाठी त्याच जागी माणूस नाक लावून बसतो. मुळशी-मावळातला आंबेमोहोर शिजताना जो दरवळ सुटतो, त्यातला मुख्य घटक, २-असिटिल-१-पायरोलीन, बटरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुवासिक तांदळांत १९८० च्या दशकाच्या आरंभी ओळखला. तो इतका अत्यल्प असतो की आधी नाकानेच इशारा द्यावा लागतो. बासमतीत आणि भातात टाकायच्या सुवासिक केवड्याच्या पानातही हेच द्रव्य असते.

म्हणून रेणूत निरोप कोरलेला नसतो, हे मुलांना कळायला हवे. याचे उत्तम उदाहरण अळिंबीचे आहे. ताज्या अळिंबीचा ओळखीचा वास मुख्यतः १-ऑक्टेन-३-ऑल या द्रव्याचा असतो. तेच द्रव्य गुरांच्या उच्छ्वासातही असते आणि आफ्रिकेतली त्सेत्से माशी त्याच्या मागाने गुरांपर्यंत पोचते. एकच रेणू आपल्याला भाजीची आठवण देतो आणि माशीला भक्ष्याचा पत्ता.

लोणीच्या शेतात हे सर्व कसे उतरते ते पाहू. वांग्यातली शेंडा व फळ पोखरणारी अळी ज्या पतंगाची, त्याच्या मादीचे मुख्य द्रव्य म्हणजे सोळा कार्बनांची साखळी, अकराव्या जागी ‘ट्रान्स’ मांडणीचा द्विबंध आणि टोकाला ॲसिटेट. हरभऱ्यावरची घाटेअळी टोमॅटोही पोखरते. तिच्या पतंगाचे मुख्य द्रव्यही सोळा कार्बनांचेच आहे, द्विबंध अकराव्याच जागी आहे, पण मांडणी ‘सिस’ आणि टोकाला अल्डिहाइड. साखळी सारखी, एक वळण आणि एक टोक निराळे. एवढ्याने एकीचा नर दुसरीच्या सापळ्याकडे फिरकत नाही. शिवाय घाटेअळीच्या गंधात दुसरे एक अल्डिहाइड सुमारे तीन टक्के लागते. गुलाबी बोंडअळीच्या पतंगाला तर दोन समघटक जवळजवळ निम्मे-निम्मे लागतात. १९६६ मध्ये तिचे द्रव्य म्हणून एक वेगळेच संयुग जाहीर झाले होते, पण शेतात पतंग त्याला बधले नाहीत. योग्य मिश्रण १९७३ मध्ये सापडले. तेव्हा ‘एका किडीचा एक वास’ असेही नसते. बहुधा तो ठरावीक प्रमाणातला मसाला असतो.

येथे शब्दाचा ढिलेपणा महाग पडतो. दुकानात नुसता ‘कामगंध द्या’ म्हणणाऱ्याला भलत्याच किडीची गोळी मिळू शकते. टोमॅटोत घाटेअळीची गोळी लावली आणि आठवडाभर पिशवी रिकामी राहिली, तर ‘शेतात कीड नाही’ असा निष्कर्ष निघतो. २०१४ च्या अखेरीस महाराष्ट्रात नोंदली गेलेली टोमॅटोची नागअळी, टुटा, त्याच शेतात पाने पोखरत असेल. तिचे द्रव्य चौदा कार्बनांचे, तीन द्विबंधांचे. घाटेअळीच्या गोळीने ती दिसणारच नाही. रिकामा सापळा फक्त ‘या जातीचे नर येथे आले नाहीत’ एवढेच सांगतो, तेही गोळी ताजी असेल तर. उन्हात ती काही आठवड्यांत निष्प्रभ होते.

तिसरा शब्द ‘अडकतो’. नर अडकला म्हणजे कीड संपली असे मुले गृहीत धरतात, मोठेही धरतात. अंडी घालणारी मादी मात्र शेतातच असते, आणि उरलेला एक नर अनेक माद्यांना पुरतो. हेक्टरी पाच सापळ्यांची नेहमीची शिफारस पतंग संपवण्यासाठी नसून पाहणीसाठी असते. कपाशीत सलग तीन दिवस प्रत्येक सापळ्यात रोज आठ पतंग सापडले की गुलाबी बोंडअळीवर उपाय करावा, असा नियम आहे. तापमापीने ताप उतरत नाही, पण औषध केव्हा द्यायचे ते कळते. सापळ्याचेही तसेच. नर मोठ्या संख्येने पकडून कीड कमी करायची तर सापळे पुष्कळ जास्त लागतात. सगळ्या शेतात गंध पसरवून नराला मादीचा माग लागू न देणे ही तिसरीच रीत आहे. तीन उद्देश, तीन पद्धती, आणि आपण तिन्हींना एकच नाव देतो.

शिक्षकांना यात फार मोठी संधी आहे. वर्णलेखन यंत्र शाळेत येणार नाही, पण घेणाऱ्यालाच विचारण्याचा प्रयोग करता येतो. वांग्याच्या एकाच तुकड्यात दूरदूर तीन सापळे लावावेत: एकात वांग्यातील अळीची गोळी, दुसऱ्यात घाटेअळीची, तिसऱ्यात काहीच नाही. तिसरा सापळा मुलांना निरुपयोगी वाटेल. तो का हवा, यावर एक तास खर्च झाला तरी चालेल. गोळ्या बदलताना हात धुवावेत, नाहीतर एकीचा गंध दुसरीला लागतो. रोज सकाळी पतंग मोजावेत, जात ओळखावी आणि महिनाभराचा आलेख काढावा. त्याच तुकड्यातले मुरगळलेले शेंडे आठवड्यातून एकदा मोजून आलेखावर मांडावेत. सापळा अळीच्या आधी सूचना देतो का, हे मुलांनाच ठरवू द्यावे.

‘कामगंध’ हा शब्द टाकून द्यावा असे मी म्हणत नाही. पतंगांच्या सापळ्यांना तो ठेवावा, फळमाशीच्या सापळ्याला ‘फळमाशी सापळा’च म्हणावे, आणि प्रत्येक वेळी पुढचा प्रश्न विचारावा: कोणाचा गंध, कोणासाठी, आणि हे कसे ठरवले? या तिसऱ्या प्रश्नाला जे पाठ्यसाहित्य उत्तर देत नाही, ते माहिती देत असेल, विज्ञान शिकवत नाही.